सेतुरामराव आणि येणारं पाणी

सन १९०४. सेतुरामराव तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. उजवा डोळा पुरता गेलेला, डावा जायच्या तयारीत. मी अडतीसचा. माझे दोन्ही डोळे ठणठणीत होते, आजही आहेत. सुईत दोरा मी स्वतः ओवतो, सुनेला विचारून बघा.

डोळ्यांचं आधी सांगतो, कारण त्या वर्षी रावांना एकच फोटो काढायचा होता, आणि त्या वर्षी तो निघाला नसता तर कधीच निघाला नसता. आमच्याकडे ज्येष्ठाच्या सुमारास कल्लणैला, म्हणजे जुन्या दगडी बंधाऱ्याला, कावेरीचं पाणी वळवतात. तिथून ते फुटत फुटत नद्यांत जातं, नद्यांतून पाटांत, पाटांतून गावोगावच्या शेतांत. पाट तोवर महिनोन् महिने कोरडा असतो. शेळ्या त्यात झोपतात, पोरं गोट्या खेळतात. आणि एके दिवशी पाणी येतं. ते एकदम येत नाही. त्याला एक टोक असतं. टोकाला पेंढा, वाळका पाला, लेंड्या, तपकिरी फेस. वाळू ते टोक पिते, तसं ते थांबतं, मग मागून रेटा येतो की पुन्हा पुढे सरकतं. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्रर्र आवाज येतो. पुढे माणसं पळत असतात, पोरं, म्हातारे, ढोलवाला, कापूर घेतलेल्या बाया. ते टोक आणि ती पळणारी माणसं सेतुरामरावांना काचेवर हवी होती, तेव्हा फोटो काचेवरच निघत. जन्मभर हवी होती. आता वरती मोठं धरण झालंय, पाणी सांगून-सवरून येतं. तेव्हा ते पाहुण्यासारखं यायचं, म्हणजे वेळ सांगायचं एक आणि यायचं भलत्याच.

मी वंडीवाला. वंडी म्हणजे बैलगाडी. आमचे आजोबा इथल्या मराठा राजांच्या पागेत होते. राज्य खालसा झालं, पागा मोडली, घोडे गेले, आणि आमच्या घरात बैल आले. मला त्याची लाज नाही. माझे बैल उंबळच्चेरीचे, कपाळावर पांढरा टिळा, पाय पांढरे, चिखलात चालायला जन्मलेले. सेतुरामरावांच्या काचा मी वीस वर्षं वाहिल्या. माझ्या वंडीत एक काच फुटली नाही. रेल्वेनं मद्रासहून येताना फुटत, घरात मांजरानं पाडल्या, माझ्या वंडीत नाही. हे मी लिहून ठेवतोय, कारण नंतर लोक काहीही सांगतात.

ते राव, देशस्थ, कोटाच्या पश्चिमेच्या गल्लीतले. मी मराठा. ते मला 'तुळजाजी' म्हणत, रागात 'तुळज्या'. मी त्यांना 'राव' म्हणे. गावातले तमिळ लोक त्यांना 'पडम् राव' म्हणत. पडम् म्हणजे चित्र. नाव लोकांनीच ठेवलं. पोट भरायला ते घरच्या ओसरीवर लोकांच्या छब्या काढत. मिरासदार यायचे, खुर्चीत बसायचे, मांडीवर पुस्तक, मागे रंगवलेला बाग. ते काम राव तोंड न उघडता उरकत. पण हातात चार पैसे आले की वंडी जुंपायला सांगत आणि आम्ही निघत असू. तिरुवैयारुपर्यंत, ओरत्तनाडुपर्यंत, मधल्या खेड्यांत. तिथे ते काय काढत? न्हावी दाढी करताना. बायका भात कांडताना. कोष्टी सूत ताणताना. अन्नछत्रातला आचारी भल्या मोठ्या हंड्यात अर्धा आत वाकून ढवळताना. त्या फोटोत आचाऱ्याचं नुसतं बूड आणि दोन पाय दिसतात, आणि तरी ओरत्तनाडुतलं कुणीही सांगेल हा कोण म्हणून.

एकदा कुणी परगावच्या माणसानं विचारलं, "राव, मोठं देऊळ का काढत नाही? गोरे लोक बोटीतून येऊन काढतात."

राव म्हणाले, "देऊळ कुठे पळून जातंय? मी पळून जाणारं काढतो."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणेन. पण ते खरं होतं. त्यांनी काढलेला कोष्टी आज नाही, तो माग नाही, ती गल्लीही अर्धी नाही. काचा आहेत. कुंभकोणला त्यांच्या लेकीच्या घरी लाकडी पेट्यांत आहेत. कुणाला शंका असेल तर जाऊन बघावं, मी पत्ता सांगेन.

त्यांच्या बोटांविषयी सांगायला हवं. काचा धुवायच्या औषधांनी त्यांची बोटं काळी पडलेली असत, नखं तर कोळशासारखी. एका श्राद्धाला त्यांच्या भाऊबंदांपैकी एकानं पंगतीत कुरकुर केली, ही कसली बोटं घेऊन जेवायला बसलांत म्हणून. राव शांतपणे डांगर पच्चडी पानात सारखी करत म्हणाले, "चांदीचं औषध आहे हे, काका. तुमच्या घरची चांदी कपाटात असते. माझी नखांत." आणि दुप्पट जेवले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम हात न घासता त्याच काकांच्या घरी गेले, बसले, पाणी मागून प्याले.

हट्टी होते. मी हट्टी माणूस ओळखतो.

त्यांची काम करायची एक रीत होती, आणि या गोष्टीतलं सगळं त्या रीतीवरून घडलं, म्हणून ती नीट सांगतो. जुन्या काळी काच फार सावकाश चित्र धरी. समोरचा माणूस हलला की त्याचं धुकं होई. मिरासदाराला खुर्चीत बसवून मान मागून लोखंडी काट्यानं धरून ठेवता येते. पण भात कांडणाऱ्या बाईचं काय करणार? तेव्हा राव आधी नुसते बसून राहत. बाई कांडत असे, राव बघत असत. मुसळ नेमकं जिथे असायला हवं तिथे आलं की ओरडत, "अप्पडिये!" म्हणजे आहे तसंच. बाईनं मुसळ हवेत, तोंड उघडं, पदर सुटलेला, तशीच्या तशी थांबायचं. राव भिंगावरची टोपी काढत, तोंडातल्या तोंडात मोजत, टोपी घालत, आणि "सरि", म्हणजे ठीक, म्हणत. मग मुसळ खाली.

आता हे सोपं वाटतं. मुसळ उचलून धरा बघू. पहिल्या पहिल्यांदा बाया हसायच्या, पोरं नाक खाजवायची, न्हाव्याच्या हाताखालचं गिऱ्हाईक नेमकं शिंकायचं. राव चिडायचे नाहीत. पुन्हा बसायचे. वर्षानुवर्षं त्याच गावांना जायचे. हळूहळू गावं शिकली. आमची वंडी दिसली की सिरुकुडीची पोरं एकमेकांना "अप्पडिये" म्हणत खांबासारखी उभी राहायची, आणि जो आधी हलेल त्याच्या पाठीत धपाटा. कोणत्या गावातली माणसं जास्त वेळ निश्चल राहतात यावर पैजा लागायच्या. सिरुकुडी नेहमी जिंकायची. तिथला मणियक्कारर्, म्हणजे गावचा पाटील, वेलायुदम् नावाचा, त्याला याचा भारी अभिमान. म्हणायचा, "अय्या, आमच्या गावात वाऱ्यानं झाड हलेल, माणूस नाही."

फक्त कुत्री शिकली नाहीत. रावांच्या काचांत कुत्र्याला दोन डोकी तरी असतात नाहीतर डोकंच नसतं.

तिरुवैयारुला एक गाणं शिकवणारे भागवतर् होते. त्यांनी रावांना बोलावून घेतलं. जरीची शाल, कपाळभर भस्म, तंबुरा.

"गाताना काढा," भागवतर् म्हणाले.

"गाताना तोंड उघडं येतं. दाढ दुखतेय असं वाटेल."

"मग कसं काढणार?"

"शिकवा. समोर शिष्य बसलेत ना? शिकवत राहा. मी ओरडलो की थांबा."

भागवतर् शिकवायला लागले, पण कॅमेऱ्याकडे बघून. राव थांबले. बराच वेळ गेला. शेवटी एका शिष्यानं काहीतरी चुकीचं म्हटलं आणि भागवतर् कॅमेरा विसरले. मांडीवर थापा मारत ताल दाखवायला लागले. राव ओरडले, "अप्पडिये!" सगळे थांबले. भागवतर् थांबले. पण त्यांचा हात थांबला नाही, तो जन्माचा तालात पडलेला हात. महिन्याभरानं आम्ही फोटो नेऊन दिला. भागवतर् बघतच राहिले.

"माझा हात कुठे आहे हो?"

"तालात आहे," राव म्हणाले.

त्यांनी फोटो परत दिला. घरात लावायचा नाही म्हणाले, हात नसलेल्या माणसाचा फोटो अशुभ. पुढे त्यांच्या नातवानं रावांच्या मागे लागून तो मागून नेला, आणि आता तो त्यांच्या बैठकीत आहे. मी स्वतः पाहिलाय.

असं सगळं साधलं, पण पाणी साधत नव्हतं. पाण्याला "अप्पडिये" म्हणून चालत नाही. राव दर वर्षी जात. एका वर्षी पाणी पहाटेच येऊन गेलं. एका वर्षी आलं तेव्हा राव काच बदलत वाकलेले. बहुतेक वर्षी आलं, त्यांनी काढलं, आणि काचेवर नुसती पांढरी धूसर पट्टी, जसं कुणी धोतर वाळत घातलंय. माणसांच्या जागी वाफ.

"काचच आळशी आहे," राव म्हणायचे. "मी नाही."

मग मद्रासहून नव्या काचा यायला लागल्या, चपळ. भिंगाला नवं झाकण आलं. टोपी काढायची नाही, रबरी फुगा दाबायचा, झाकण डोळा मिचकावल्यासारखं उघडून मिटतं. पळता माणूस पळता येतो. हे आलं आणि त्याच सुमाराला रावांचे डोळे जायला लागले. कॅमेऱ्याच्या मागे दुधी काच असते, तिच्यात चित्र उलटं दिसतं, ते बघून भिंग पुढेमागे करायचं. ते त्यांना दिसेना. मग त्यांनी एक सुतळी केली, गाठी मारलेली. कॅमेऱ्यापासून समोरच्या दगडापर्यंत सुतळी ताणायची, किती गाठी आल्या ते बोटांनी मोजायचं, तेवढ्यावर भिंग लावायचं. चुकत नसे.

त्यांच्या पत्नी गंगाबाई. मी वहिनीबाई म्हणे. त्यांच्या कोठीच्या खोलीत चिंचेच्या बरण्यांच्या बाजूला काचा, मिठाच्या बाजूला काचा. तिथेच खिडकीला काळं कापड लावून राव काचा धूत. वहिनीबाई म्हणायच्या, "माझ्या घरात देवांपेक्षा काचा जास्त, आणि काचांची पूजा वेळेवर होते." पण त्या वर्षी निघताना त्या दारात उभ्या राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "तुळजाजी, यंदा होऊं दे हो. पुढच्या वर्षी मीच यांना ताट दाखवणार, भात कुठे आणि भाजी कुठे."

मी म्हटलं, "बैल तयार आहेत, वहिनीबाई." दुसरं काय म्हणणार.

सिरुकुडीला आम्ही आदल्या दिवशीच जाऊन राहिलो. रावांनी तेच गाव धरलं होतं, कारण तिथे पाट सरळ येतो आणि सकाळचं ऊन तोंडावर असतं. वेलायुदम् मणियक्काररानं सगळं गाव गोळा केलं. लेकींच्या सासरची माणसंसुद्धा बोलावली होती. पडम् राव आमच्या गावचं पाणी काढणार म्हणून. सगळे न्हाऊन-माखून, धुतलेली धोतरं, बायकांच्या डोक्यात फुलं. रावांनी त्यांना बजावून सांगितलं, "आज थांबायचं नाही. पाणी आलं की नेहमी करतां तसं करा. पळा, ओरडा, मी बघून घेईन."

"सरि, अय्या," सगळे म्हणाले.

काठावर तिपाई लावली. सुतळी ताणली. चपळ काचा दोनच आल्या होत्या. एक कॅमेऱ्याच्या पेटीत चढवली.

वरच्या गावाचा ढोल वाजला. बैलांनी कान टवकारले, त्यांना आधी कळतं. पाटाच्या वळणावर बगळे दिसले. वाळूतले किडे पाण्यापुढे पळतात, त्यांना टिपायला बगळे येतात. आणि मग ते टोक आलं, फेस आणि पेंढा घेऊन, चर्रर्र करत. पोरं ओरडली. ढोल घुमला. सगळं गाव पाटात उतरून पळायला लागलं.

राव सवयीनं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली गेले.

आणि सगळं गाव थांबलं.

कुणी सांगितलं नाही, कुणी ओरडलं नाही. राव कापडाखाली गेले एवढं पुरे झालं. वीस वर्षांची सवय. एक पोर एक पाय उचलून उभं. वेलायुदमच्या हातात नारळ डोक्यावर धरलेला, फोडायच्या बेतात. एक बाई कापराचं ताट घेऊन वाकलेली, कापूर जळतोय, ती हलत नाही. ढोलवाल्याची टिपरी कातड्यापासून वीतभर वर. पाणी आलं, त्यांच्या घोट्यांभोवतून गेलं, पुढे निघालं. माणसं आपली देवळाच्या खांबावरच्या मूर्ती.

राव कापडातून बाहेर आले. त्यांना धूसर दिसलं असेल, पण थांबलेलं गाव त्यांना कानांनी कळलं.

"पळा!" ते ओरडले. "अरे, पळा!"

कुणी हललं नाही. त्यांना वाटलं, राव आमची परीक्षा बघतायत.

"ओडुंग! ओडुंग!" रावांनी तमिळमध्ये सांगितलं, हात उडवले.

वेलायुदम् नारळ तसाच धरून, ओठ न हलवता म्हणाला, "अय्या, काळजी नको. एकही हलणार नाही."

मी पुष्कळ तमाशे पाहिलेत. असा नाही. हसावं की रडावं कळेना. रावांनी फुगा दाबला नाही. मग माझ्याकडे वळले.

"तुळज्या, पाणी ओडैपट्टीला आधी पोचेल की तुझे बैल?"

ओडैपट्टी खालचं गाव. पाट तिथे जाताना नागासारखा वळत जातो, वंडीची वाट सरळ आहे. पण तसं मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "राव, माझे बैल."

तिपाई उचलली, पेटी वंडीत भाताच्या पेंढ्यावर ठेवली, राव वर चढले आणि मी बैल सोडले. मागे वळून पाहिलं तर सिरुकुडी अजून तशीच. पाणी पोटऱ्यांपर्यंत. वेलायुदमचा नारळ हळूहळू खाली येत होता.

बैल कसे पळाले ते मी सांगत बसत नाही, लोक म्हणतील बढाया मारतो. पेटीला धक्का लागला नाही एवढं सांगतो. बांधावरून उजव्या हाताला पाट दिसे, कोरडा. मग पाणी दिसे, मागे. मग पुन्हा कोरडा. राव पेटी मांडीवर घट्ट धरून बसलेले. एकदाच बोलले, "ओडैपट्टीला आपण कधी गेलो होतो?"

"कधीच नाही. तुम्हीच म्हणालांत, तिथे ऊन पाठीला येतं."

"येऊं दे."

ओडैपट्टीला त्यांना कुणी ओळखत नव्हतं. तिथेही लोक पाटाच्या काठी जमलेले. आम्ही सरळ पाटात उतरलो, मधोमध, वाळूत तिपाई रोवली. आता ऐका. तीन पायांवर पितळी नळी ठेवून शेतं मोजायला सरकारी माणसं येतात. ते मोजून गेले की सारा वाढतो. ओडैपट्टीच्या लोकांनी तिपाई पाहिली आणि त्यांना वाटलं, हे तेच. तिपाईसमोर ऐटीत उभं राहायचं तर बाजूलाच, लोक शिव्या द्यायला लागले.

एक म्हातारी काठावरून ओरडली, "पाणी यायच्या दिवशी मोजायला आलांत! मोजा, मोजा! वाळू मोजून घेऊन जा!"

"मी मोजत नाही, आई!" राव ओरडले.

"मग तीन पाय कशाला? तुझे दोन पुरत नाहीत?"

"तुळज्या, सुतळी! त्या पांढऱ्या दगडापर्यंत!"

मी सुतळी घेऊन धावलो. दगड कोरडा होता. सुतळी ताणली, रावांनी गाठी मोजल्या, भिंग फिरवलं. मी वळून बघतो तर वळणावर बगळे. मी बाजूला उडी मारली. पाणी आलं. पोरं ओरडत पुढे, दोन शेळ्या, ढोल, आणि ती म्हातारी काठावरून खाली उतरून, मूठ उगारून, रावांच्या अंगावर चालून येतेय, तिच्या मागे पाणी, फेस, पेंढा. कुणाला कॅमेऱ्याची पर्वा नाही. राव कापडाखाली गेलेच नाहीत. ताठ उभे राहिले, तोंड समोर, आणि पांढऱ्या दगडाशी पाणी चर्रर्र वाजलं तसा फुगा दाबला.

मग पाणी तिपाईवर आलं, आणि म्हातारी रावांवर. मी पेटी डोक्यावर घेतली. म्हातारीनं रावांना चांगलं सुनावलं. रावांनी ऐकून घेतलं, तिच्या पाया पडले. ती गोंधळली. सरकारी माणूस पाया पडत नाही.

दिवस वर असतानाच आम्ही घरी पोचलो. राव कोठीत शिरले, दार लावलं. वहिनीबाई दाराबाहेर, मी ओसरीवर. आतून पाण्याचा आवाज. बऱ्याच वेळानं दार उघडलं. राव काच कडांना धरून बाहेर आले, ओली, ठिबकणारी. वहिनीबाईंच्या समोर धरली.

"बघ," म्हणाले. "मला दिसत नाही."

काचेवर सगळं उलट्या रंगाचं असतं, काळं ते पांढरं. वहिनीबाईंना ते वाचायची सवय होती. त्यांनी काच खिडकीच्या उजेडाकडे केली. राव थांबले होते, हात पुढे धरलेले, बोटांतून औषध गळतंय.

"एक म्हातारी तुम्हांला मारायला येतेय," वहिनीबाई म्हणाल्या.

"ती असूं दे. पाणी?"

"पाणी तिच्या मागे. टोक दिसतंय. टोकाला काड्या. एक पोर हवेत आहे, दोन्ही पाय वर."

"धूसर?"

"नाही हो. पोराच्या कमरेचा दोरा दिसतोय."

"फेस?"

"फेसाचे बुडबुडेसुद्धा. आता काच ठेवूं द्या, पोळ्या व्हायच्यात."

पण त्यांनी काच ठेवली नाही. तशीच उजेडात धरून उभ्या राहिल्या.

राव भिंतीला टेकून खाली बसले. "आलं," एवढंच म्हणाले. मी त्यांना तसं टेकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते नेहमी पाठ मोकळी ठेवून बसत.

तेवढ्यात वेलायुदम् आला. सिरुकुडीहून चालत. धोतर गुडघ्यांपर्यंत चिखलाचं. ओसरीवर बस म्हटलं तरी बसला नाही.

"अय्या, आम्ही हललो का?" त्यानं विचारलं.

"नाही," राव म्हणाले.

"कुणी नाक खाजवलं? कुणी हसलं?"

"नाही."

"मग आमचं चुकलं काय? सोयऱ्यांसमोर तुम्ही पाठ फिरवून गेलांत. ते हसले. म्हणाले, तुमचा राव तुम्हांला पाण्यात उभं करून पळाला."

राव उठले. "आत ये. तुला दाखवतो मी का गेलो."

वहिनीबाईंनी काच त्याच्यासमोर धरली. उलट्या रंगांत त्याला आधी काही कळेना. मग कळलं. त्याचं तोंड बदललं.

"ही ओडैपट्टीची म्हातारी आहे."

"हो."

"ही दर वर्षी आमच्याशी पाण्यावरून भांडते. आमचा बांध हिनंच फोडायला लावला होता." त्याचा आवाज चिरका झाला. "पाण्यात उभे आम्ही. आणि फोटो हिचा."

राव त्याला समजावतील असं मला वाटलं. माणसं पळायला हवी होती, काच नवी होती, सगळं सांगतील. त्यांनी सांगितलं नाही.

"तुम्हांला कसा हवा होता?" एवढंच विचारलं.

वेलायुदमला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. "मिरासदार येतात ना तुमच्या ओसरीवर," तो हळूच म्हणाला, "तसा. नीट. खुर्चीत. मागे गाव. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत."

आता हे लक्षात घ्या. घराबाहेर, शेतात, गावात रावांनी असा फोटो जन्मात काढला नव्हता. ओळीनं उभं केलेल्या माणसांना ते मेलेली माणसं म्हणायचे. कॅमेऱ्याकडे कुणी बघितलं की ते काच चढवतच नसत. माझ्या मनात आलं, झालं, आता राव याला हाकलणार.

राव म्हणाले, "खुर्ची आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मी आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओसरीवरची मिरासदारांची खुर्ची माझ्या वंडीत चढवली, राहिलेली एक चपळ काच घेतली, आणि आम्ही सिरुकुडीला गेलो. पाट आता भरून वाहत होता. रावांनी खुर्ची काठावर ठेवली. वेलायुदमला बसवलं, त्याचा पटका स्वतःच्या काळ्या बोटांनी सरळ केला. मागे म्हातारे, बाजूला बाया, पुढे पोरं मांडी घालून, कडेला सोयरे. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून राव ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, कारण दिसत नव्हतं. परत आले, सुतळीच्या गाठी मोजल्या, भिंग लावलं.

"सगळे इकडे बघा," राव म्हणाले. "माझ्याकडे बघा."

आणि फुगा दाबला.